परंपरेचे प्रयोजन : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आधारे एक विचार

कोणत्याही धर्मातील एखादा आचार प्रथम प्रचारात येतो तेव्हा त्याच्या मागे काही प्रयोजन असते. पुढे पिढ्या लोटतात, प्रयोजन विसरले जाते आणि आचार मात्र उरतो. इतकेच नव्हे, तर प्रयोजन जितके विस्मृतीत जावे तितका आचाराचा अभिमान वाढत जातो. हिंदुसमाजापुरता हा विचार आपल्याकडे लोकहितवादी व आगरकर यांच्या काळापासून पुष्कळ झालेला आहे. परंतु हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मासंबंधाने विचारला, तर आपल्यापैकी बहुतेक सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते : तो धर्म पश्चिमेकडून आलेला, त्याच्या परंपरा पश्चिमेकडच्या, त्यांचे बरेवाईट तिकडच्या लोकांनी पाहावे. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. गोमंतकात व कोकणपट्टीत हा धर्म चारशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. मराठी भाषेत त्याचे स्वतःचे वाङ्मय आहे. आणि परंपरा केव्हा कामाची राहते व केव्हा निकामी होते, याचा जितका उघड झगडा या वाङ्मयात दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. प्रस्तुत लेखात त्यातील काही ग्रंथ व ग्रंथकार समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच हे सांगितले पाहिजे की, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मावर कोणी बाहेरून लादलेला नाही. तो त्या धर्माच्या मूळ ग्रंथातच आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात अशी कथा आली आहे की, येशूचे काही शिष्य हात न धुता जेवावयास बसले, तेव्हा वडिलांचा संप्रदाय हे का पाळीत नाहीत, असे शास्त्री-परूशी यांनी विचारले. येशूने दिलेल्या उत्तराचा रोख हात धुण्याच्या विरुद्ध नाही. त्याने उलट दुसरेच उदाहरण पुढे केले : एखादा मुलगा आपली मिळकत देवाला वाहिली असे म्हणतो, आणि त्या निमित्ताने वृद्ध आईबापांस काही द्यावयाचे टाळतो, तुमचा संप्रदाय त्याला त्यात साहाय्य करतो. देवाला अर्पण करण्याची चाल वाईट नव्हे; पण ती आईबापांच्या तोंडचा घास काढण्याचे साधन झाली, त्या दिवशी ती ज्या देवाच्या नावाने चालली होती त्याच्याच आज्ञेविरुद्ध उभी राहिली. शब्बाथासंबंधाने त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आलेला निवाडाही याच जातीचा आहे : विश्रांतीचा दिवस माणसाच्या हितासाठी नेमलेला आहे, माणूस त्या दिवसाचा गुलाम नव्हे. यावरून एक कसोटी निघते. परंपरा जुनी की नवी, देशी की परदेशी, हे पाहावयाचे नाही. ती माणसाला देवाजवळ व माणसाजवळ आणते की दूर ठेवते, एवढेच पाहावयाचे.

ही हात धुण्याची कथा वाचताना मराठी वाचकास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांचे सोवळे वेडाच्या कडेस जाऊन पोहोचले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, शिवाशिवीच्या भयाने मुलाबाळांस व घरच्या बायकांस क्षणाची उसंत मिळावयाची नाही, असा तो सारा संसार लक्ष्मीबाईंनी हसत हसत वर्णिला आहे. वाचकही हसतो, पण थोड्या वेळाने त्याच्या ध्यानी येते की, हे हसू फार महागाचे आहे. स्वच्छता व मनाचे पावित्र्य यांसाठी निघालेली चाल एका दुःखी माणसाच्या हाती सापडली आणि तिने एका कुटुंबाला वेठीस धरले. वडिलांविषयी एकही कठोर शब्द न काढता लेखिकेने हे दाखविले आहे, यातच त्या ग्रंथाची थोरवी आहे.

पुढे १८९५ साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांत त्या आपले सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या. या काळाचे जे वर्णन त्यांनी केले आहे त्यात आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की, त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडला तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, किंवा धर्मांतराचा परिणाम म्हणूनही नव्हे. माणसे सर्व सारखी, भेद हे माणसांनी केलेले, असा विचार त्यांच्या मनाशी ठरला, आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा नंतरचा. म्हणजे प्रयोजन संपल्याची जाणीव आधी झाली, परंपरा सुटली ती मागाहून. हा क्रम ज्यांनी उलटा केला, म्हणजे परंपरा आधी सोडली अथवा आधी धरली आणि अर्थाचा विचार केलाच नाही, त्यांचे काय झाले हे पाहण्यासाठी आपणांस गोमंतकाकडे वळले पाहिजे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. जुनी पुराणे नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून गेली होती आणि त्या जागी ऐकावयास-वाचावयास काही राहिले नव्हते. ती उणीव भरून काढावी, या हेतूने त्याने लेखणी उचलली. येथे स्टीफन्सची दृष्टी किती मार्मिक होती हे लक्षात घेण्यासारखे आहे. लोकांनी दैवत बदलले तरी संध्याकाळी एकत्र बसून कथा ऐकण्याची त्यांची भूक बदलत नाही, हे त्याने ओळखले. ओवी हा छंद, पुराण हा प्रकार, वैकुंठासारखे शब्द, हे सारे त्याने नि:शंकपणे घेतले. मराठी भाषेचे त्याने केलेले कौतुक आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचतो आणि त्यावर संतुष्ट होतो. परंतु परक्या मनुष्याने आपल्या भाषेला चांगले म्हटले, एवढ्यावर त्या ग्रंथाचे मोल ठरत नाही. परंपरेच्या घाटाचे आणि तिच्या आशयाचे नाते त्याने बरोबर जाणले, यावर ते ठरते.

पण पुढे काय झाले? १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा बंद पाडून पोर्तुगीज शिकण्याची सक्ती करणारा हुकूम काढला. १७३६ साली धर्मन्यायसभेने काढलेल्या जाहीरनाम्यात तर ख्रिस्ती लोकांच्या लग्नकार्यातील गाणी, पेहराव, घरगुती चालीरीती अशा कित्येक देशी आचारांवर बंदी घातली गेली. हे आचार ख्रिस्ती श्रद्धेच्या आड येतात काय, याचा विचार एकेका आचारापुरता झाला नाही; ते हिंदूंचे आहेत, एवढेच कारण पुरेसे मानले गेले. मोठ्या हौसेने जे बंद पाडावयाचे त्याची यादी झाली, पण त्याच्या जागी यावयाचे काय, हे कोणी सांगितले नाही. आमच्या मते परंपरेविषयीचे अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जुने आहे म्हणून धरून ठेवणे. दुसरे, परके आहे म्हणून टाकून देणे. दोहोंतही प्रयोजनाचा विचार नाही, म्हणून दोन्ही एकच होत. ज्या सत्तेने चोळी आणि लग्नगीत यांचे भय बाळगले, तिनेच सर्वसामान्य भक्तास न कळणाऱ्या लॅटिन भाषेतील उपासना शतकानुशतके जपली. वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या माणसे गुडघे टेकून जे ऐकत होती त्यातले शब्द त्यांना कळत नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीसंबंधीचा ठराव संमत केला व लोकभाषांस मोकळीक मिळाली, तेव्हा कोठे कॅथॉलिक देवळांत मराठी मिस्सा सुरू झाली. स्टीफन्सने जे १६१६ साली ओळखले होते, ते पदरात पडावयास साडेतीनशे वर्षे लागली.

लॅटिनचा हाच प्रश्न एका मराठी स्त्रीने मात्र फार आधी व फार धिटाईने विचारला होता. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढील दोनतीन वर्षांत त्यांचा व त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असा रमाबाईंचा सरळ प्रश्न होता. त्या शाकाहारी राहिल्या, तर त्यात जातीचा गर्व आहे, असे त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या बाईंस वाटे. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते की, मोठ्या कष्टाने मी येथल्या पुरोहितांचे जोखड मानेवरून उतरविले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांचे जोखड चढवून घेण्यासाठी नव्हे. ज्या बाईने पुरोहितशाहीचा हिंदू अवतार आतून पाहिला होता, तिला त्याच वृत्तीचा ख्रिस्ती अवतार ओळखण्यास वेळ लागला नाही. इंग्लंडात जन्मलेल्या श्रद्धावंतास जे श्रद्धेचे अंग वाटत होते, ते वस्तुतः इंग्लंडचे अंग आहे, हे दाखवावयास बाहेरचा डोळाच हवा होता. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला समजावे, हा त्याचा हेतू. संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितेने अखेर संस्कृतप्रचुर भाषाही बाजूस सारली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. अभिमान तिला अर्थापलीकडे घेऊन गेला नाही.

आता नारायण वामन टिळकांकडे येऊ. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत असत, आणि त्यांच्या अभंगांत त्याची साक्ष मिळते. ‘उपासना-संगीत’ या मराठी मंडळीच्या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. टिळकांच्या आधीही नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली होती. आम्ही ज्या भोरात राहतो तेथील वाचकांस कीर्तन म्हणजे काय हे सांगावयास नको. पंतसचिवांच्या राजवाड्यातील रामजन्माचा उत्सव या मुलखात प्रसिद्ध आहे. १९४८ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, राज्य गेले, परंतु रामनवमीचा उत्सव चालूच राहिला. कारण त्याचे प्रयोजन राजाच्या वैभवाशी जडलेले नव्हते, लोकांच्या भक्तीशी जडलेले होते. अशा कीर्तनाचा पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंगाची साथ, मधूनच येणारी विनोदाची चूळ, हे सगळे चर्चमध्ये आले, तेव्हा बाकावर निमूट बसून परक्या चालीवरील स्तोत्रे म्हणणाऱ्या माणसांस प्रथमच आपल्या घरच्या आवाजात प्रार्थना करता आली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु येथे एक आक्षेप निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशी परंपरा म्हणजे कोणाची परंपरा? नगर व आसपासच्या जिल्ह्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांतील बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. नारदीय कीर्तनाची घडण देवळाच्या सभामंडपात झाली, आणि त्या मंडपाची पायरी चढण्याची या लोकांस मुभा नव्हती. त्यांच्या घरचे संगीत एकतारीवरच्या भजनाचे, ढोलकीचे, जागरणाचे. मग पाश्चात्त्य स्तोत्राच्या जागी कीर्तन आणि साहेबी भाषेच्या जागी संस्कृतप्रचुर मराठी आली, एवढ्याने परकेपणा गेला असे कसे म्हणावे? डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराचा निश्चय जाहीर केल्यावर निरनिराळ्या धर्मांचा विचार केला, तेव्हा धर्मांतर करूनही ख्रिस्ती समाजात जात उरलीच, हा दोष त्यांनी स्पष्टपणे दाखविला. लग्ने जुळविताना जात पाहणारी ख्रिस्ती घरे आजही आहेत, हे त्या समाजातील विचारी माणसे स्वतःच सांगतात.

या आक्षेपाचे आमच्या मते एकच उत्तर संभवते, आणि ते कीर्तनाच्या घाटात नाही, कीर्तनकारात आहे. ज्याला मंडपाबाहेर उभे केले होते त्याचाच मुलगा जर वीणा गळ्यात घालून मध्यभागी उभा राहिला, तर ज्या परंपरेने त्याला बाहेर ठेवले तीच त्याला आत घेण्याचे साधन झाली. तिचे प्रयोजन शुद्ध झाले. पण तोच मुलगा श्रोत्यांत बसला आणि गाणारा नेहमी वरचाच राहिला, तर कीर्तन देशी असूनही व्यर्थ. टिळकांची गीते गाताना आजच्या मंडळ्यांनी हे पाहिले पाहिजे. टिळकांनी ज्या कारणाने परकी चाल टाकली त्याच कारणाने उद्या एखाद्या खेड्यातील तरुण मंडळी टिळकांची चाल टाकून डफावर अथवा गिटारीवर गाऊ लागली, तर टिळकांच्या नावाने त्यांस अडविणे हा टिळकांचा अपमान होय.

याच्या उलट जातीचेही एक उदाहरण आहे : परकी परंपरा, पण या भूमीत येऊन अधिक अर्थवान झालेली. प्रभुभोजनाच्या विधीत एका भाकरीचे तुकडे सर्वांनी घ्यावयाचे व एका प्याल्यातून सर्वांनी प्यावयाचे. युरोपातील माणसास यात भक्तीचा अर्थ दिसत असेल. पण एका प्याल्याला सर्वांचे ओठ लागतात, यात काही विशेष घडले असे त्यास वाटण्याचे कारण नव्हते. आपल्या देशात, जेथे पाण्याच्या एका ओंजळीसाठी १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तेथे एकाच प्याल्याला ब्राह्मणाचे व महाराचे ओठ लागणे ही केवढी गोष्ट होती! लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे घर आठवून या विधीकडे पाहावे, म्हणजे त्याचे मोल कळेल. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा आचार येथे येऊन जणू पुन्हा जन्मला. आता कित्येक मंडळ्यांत सोयीसाठी व आरोग्यासाठी प्रत्येकास निराळा लहान प्याला देतात. आरोग्याचे कारण खोटे नाही, आणि आम्ही त्याविरुद्ध नाही. मात्र जो अर्थ एका प्याल्यात होता तो आता दुसरीकडे कोठे ठेवला आहे, हे विचारण्याचा अधिकार भाविकांस आहे. एकमेकांच्या घरी जेवणे, एकमेकांकडे मुली देणे, यांत तो ठेवला असेल तर काही गेले नाही. तसे नसेल तर प्याले लहान झाले, एवढाच त्याचा अर्थ राहतो.

पंथभेदांची गोष्ट याहून सोपी आहे. स्कॉटलंड, अमेरिका, इंग्लंड येथील जुन्या भांडणांतून निघालेले पंथ मिशनऱ्यांबरोबर येथे आले, आणि मराठी शेतकऱ्यास ज्या वादाचा गंधही नव्हता त्याच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तथापि जे त्यांनी पाहिले ते अगदीच व्यर्थ गेले नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. ज्या भिंतींचे प्रयोजन येथे कधी नव्हतेच, त्यांतील काही तरी पडल्या.

शेवटी वाङ्मयाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करू. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले. सुमारे दहा अध्याय त्यांच्या हातून झाले, उरलेले प्रचंड काम लक्ष्मीबाईंनी उतारवयात पार पाडले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. या ग्रंथाविषयी सर्वांस आदर आहे, पण तो वाचणारे थोडे. ‘स्मृतिचित्रे’ मात्र घराघरांत वाचली जातात, आणि वाचणाऱ्यांत ख्रिस्ती वाचक थोडेच असतील. हे असे का व्हावे? ‘ख्रिस्तायना’त जुन्या महाकाव्याचा घाट आदराने स्वीकारला आहे, पण त्या आदरात लेखणी जपून चालते. ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना लक्ष्मीबाईंपुढे कोणताच मान्य घाट नव्हता. माजघरात बसून शेजारणीला सांगावे तसे त्यांनी सांगितले. आणि त्या सांगण्यात क्षमा, विनोद, अनाथांविषयी माया, मृताविषयी प्रेम हे सगळे आपोआप आले. ख्रिस्ती धर्म मराठी झाला असे जर कोठे म्हणावयाचे असेल, तर आम्ही या गद्य पुस्तकाकडे बोट दाखवू. ओवीने, अभंगाने, कीर्तनाने वाट करून दिली. मुक्कामास पोहोचले ते घरातले बोलणे.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा सूर काही ठिकाणी निघाला होता. ‘ख्रिस्तपुराण’ ज्या भाषेत चारशे वर्षांपूर्वी झाले त्या भाषेला हा प्रश्न शोभत नाही. परंतु तो विचारणाऱ्यांस दोष देऊन थांबण्यापेक्षा आपण तो स्वतःकडे वळवावा, हे बरे. आपल्या घरातील कोणता आचार माणसास आत घेतो, आणि कोणता केवळ दाराशी उभा राहून आलेल्याचे नावगाव विचारतो? ख्रिस्ती कुटुंबाने नाताळच्या व उपवासकाळाच्या आचारांविषयी हे विचारावे. आम्ही-आपण सोवळ्याओवळ्याच्या उरल्यासुरल्या अवशेषांविषयी विचारावे. उत्तर निरनिराळे येईल. काही आचार राहतील, काही जातील, आणि काहींचा हरवलेला अर्थ पुन्हा सापडेल. लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या एका भांड्यापाशी जे केले, ते प्रत्येकास आपापल्या घरी करता येण्यासारखे आहे. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, आणि धर्म सोडावाही लागत नाही.